ओव्हाळबाई सोशिक नव्हत्या

बातमी आली तेव्हा मी माजलगावच्या कोर्टात उलटतपास घेत होतो. वाटणीचा दावा होता आणि साक्षीदार होता पुण्याच्या एका दवाखान्यातला कंपाउंडर, दोन दिवसांची रजा काढून आलेला. निम्मा तपास झाला असेल, तेवढ्यात नाझर आत आले, बेंच क्लार्कच्या कानाशी लागले आणि एक चिठ्ठी माझ्यापर्यंत पोहोचली. अंबाजोगाईहून फोन होता. ओव्हाळबाई सकाळी औरंगाबादच्या दवाखान्यात वारल्या, एवढंच त्यात लिहिलेलं. मी चिठ्ठीची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. काय झालं म्हणून न्यायाधीशांनी विचारलं, मी सांगितलं. समोरचे वकील सज्जन. ते लगेच उभे राहिले आणि आमची हरकत नाही, पुढची तारीख द्यावी म्हणाले. न्यायाधीशांनीही पेन उचललं होतं. मी म्हटलं, साक्षीदार लांबून आलेत, मला पुढं चालू ठेवू द्यावं. चाळीसेक मिनिटांत तपास पुरा केला, स्टँडवर गेलो आणि मिळेल त्या गाडीत बसलो.

यावरून नंतर बरीच कुजबुज झाली. आठ वर्षं एका टेबलाला बसलेला भागीदार, पण बातमी कळूनही जागचा हलला नाही, या शेट्याचं काळीज दगडाचं... बोलणाऱ्यांनी खुशाल बोलावं. आपण होऊन तारीख मागायची नाही, हा आमच्या फर्मचा नियम होता आणि तो बाईंनी घातलेला होता. त्या दिवशी मी तारीख घेतली असती आणि बाई ऑफिसात बसलेल्या असत्या, तर त्यांनी मला पहिला प्रश्न त्या कंपाउंडरच्या रजेचा विचारला असता.

चार दिवसांनी बार रूममध्ये शोकसभा झाली. पाच जण बोलले. बाई मितभाषी होत्या, सोशिक होत्या, सगळ्यांना सांभाळून घेत होत्या, कधी कुणाला दुखवलं नाही, असं पाचही जणांनी सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो, आणि हे कुणाविषयी चाललंय ते मला उमगेना. शेवटी मलाही बोलायला उभं केलं. दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि खाली बसलो. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता, महिन्याभरानं, लिहितो आहे. ओव्हाळबाई सोशिक नव्हत्या. त्यांनी बऱ्याच जणांना दुखवलं. त्यात मीही आलो, आणि मला दुखवलं ते बरंच केलं.

रत्नमाला ओव्हाळ मूळच्या पाटोद्याच्या. वडील तहसील कचेरीत शिपाई, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. शाळा सुटली की ही मुलगी वडिलांचा डबा घेऊन कचेरीत जायची. बाहेरच्या पायरीवर माणसं हातात कागद धरून बसलेली असत, आणि त्यात काय लिहिलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. आठवीत गेल्यापासून ते कागद ती वाचून दाखवू लागली. वकील व्हायचं तिथंच ठरलं, असं त्या सांगायच्या. कायद्याची पदवी औरंगाबादला घेऊन त्या अंबाजोगाईच्या कोर्टात आल्या. चार वर्षांनी मी आलो, तेव्हाही त्यांना बसायला टेबल नव्हतं. बार रूममधली टेबलं सीनियरकडून ज्युनियरकडं वारशासारखी जायची, आणि बाईंना वारसा देणारं कुणी नव्हतं. त्यांनी बारच्या अध्यक्षांना तीनदा लेखी अर्ज दिला. तिसऱ्या अर्जालाही उत्तर आलं नाही, तेव्हा एका सोमवारी त्यांनी घरचं घडीचं टेबल रिक्षात घालून आणलं आणि बार रूमच्या दारात, येण्याजाण्याच्या वाटेवर मांडलं. मधून हलवा म्हणणाऱ्याला त्या शांतपणे एकच विचारत, "कुठं?" आठवड्याभरात खिडकीशेजारी जागा निघाली.

ते दिवस नवे होते. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, बँकांच्या नोटिसा जाडजूड इंग्रजीत येऊ लागल्या होत्या, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे एजंट करारनामे घेऊन फिरत होते. जुन्या वकिलांना ते कागद वाचायचा कंटाळा. बाई मात्र अक्षरन् अक्षर वाचत आणि पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावून सांगत. मी एका मोठ्या सीनियरकडं बॅगा उचलत होतो. एके दिवशी बाई म्हणाल्या की तालुक्यात सगळे वकील एकेकटे मरतात, आजारी पडले की पक्षकार रस्त्यावर येतात. आपण दोघं मिळून फर्म काढू. आमचं घर लिंगायत, वडिलांचं, आबांचं, बाजारात कापडाचं दुकान. घरात काय काय बोललं गेलं ते इथं लिहीत नाही. आबांनी मात्र बाईंना दुकानावर बोलावलं, चहा मागवला आणि एकच विचारलं, पाटीवर नाव आधी कुणाचं?

"सनद आधी ज्याची, त्याचं," बाई म्हणाल्या. "म्हणजे माझं."

दुकानावर असं चालत नाही, आबा म्हणाले. बाई म्हणाल्या, म्हणून तर आम्ही दुकान टाकत नाही, काका. आबा हसले की रागावले ते मला कळलं नाही, पण पाटी आणायला पैसे त्यांनीच दिले. 'ओव्हाळ आणि शेटे, वकील'. एका खताच्या दुकानाच्या माडीवर आम्ही दोन खोल्या घेतल्या. येणारे काही लोक पाटी वाचून जिन्यावरनंच परत फिरत. काही वर येत, माझ्याकडंच बोलत आणि आमच्याकडचं पाणी पीत नसत. बाई ते बघत. अशा पक्षकाराचं काम त्या आवर्जून स्वतःकडं घेत आणि त्याला समोर बसवून तासभर प्रश्न विचारत. पुढच्या खेपेला त्यातले निम्मे पाणी मागून पीत.

फर्म सुरू होऊन दीडेक वर्ष झालं असेल, तेव्हा सिंधूबाई आली. माजलगावकडच्या एका खेड्यातली. नवरा नामदेव एका साखर कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. पूर्वी त्या कामावर कायम कामगार असत. आता नवं वारं आलं होतं, कायमची माणसं कमी करून सगळं ठेक्यावर दिलं होतं. ऊस जिथं पडतो त्या गव्हाणीच्या साखळीत नामदेवचा उजवा हात गेला, कोपरापासून. कारखाना म्हणत होता हा आमचा माणूस नाही, आणि ठेकेदार फोनच उचलत नव्हता. सिंधूबाई एकटीच आली होती. सगळं सांगून झालं, उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. म्हणाली, "बाई, सांगावं का नको ते कळंना. हजेरीला त्येंचं नाव न्हाई. चुलतभावाचं हाय."

चुलतभाऊ दुसऱ्या कामाला गेला होता आणि त्याच्या कार्डावर नामदेव कामाला जात होता. मुकादमाला ठाऊक होतं. तिथं निम्मी माणसं अशीच होती. पण हे कारखान्याला कळलं असतं तर नामदेव कामगारच नव्हता, परवानगीवाचून आत शिरलेला माणूस होता, असं म्हणायला ते मोकळे झाले असते. बाईंनी लिहून घेणं थांबवलं आणि पेन खाली ठेवलं. इथं बोललेलं इथंच राहील, असं तिला सांगितलं. नवऱ्याला विचारून येते म्हणून ती गेली. वकीलपत्र झालं नाही, फी ठरली नाही, आणि पुढं ती आलीही नाही.

दोन महिन्यांनी त्याच कारखान्याचं पत्र आलं. त्यांना अंबाजोगाई आणि बीडच्या सगळ्या कामांसाठी आमची फर्म नेमायची होती. मी ते पत्र तीनदा वाचलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं, ऑफिसात फोन नव्हता, पावसाळ्यात माडी गळत होती. एवढं मोठं काम एकदा हातात आलं असतं तर जिल्ह्यात आमच्या नावाला कुणी हसलं नसतं. बाईंनी पत्र वाचलं आणि हे घेता येणार नाही म्हणून बाजूला ठेवलं. का म्हणून, असं मी जवळजवळ ओरडलोच. ती बाई आपली पक्षकार नाही, वकीलपत्र नाही, ती परत येणारही नाही. फार तर तेवढी एक केस आपण घ्यायची नाही, बाकीची घेऊ.

"आणि उद्या त्येंनी विचारलं, हजेरीचं काय, तर तुमी काय सांगाल?" बाई म्हणाल्या. "खरं सांगितलं तर तिला बुडवलं. गप्प बसलात तर ज्येंचा पगार खाताय त्येंना फसवलं. तिसरा रस्ता असंल तर मला दाखवा."

मला तिसरा रस्ता दिसत नव्हता, पण ते मान्य करायचं नव्हतं. आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. मग बाई केजला तारखेला गेल्या असताना मी त्यांना न सांगता कारखान्यावर गेलो. विधी अधिकारी मोठे आदबशीर होते. खुर्ची पुढं सरकवली, चहा मागवला, फर्मचं कौतुक केलं. मी अडखळत म्हटलं, एखादं प्रकरण आम्हाला वगळावं लागेल. ते हसले. "शेटेसाहेब, ती बाई तुमच्याकडं आलती, ते आमाला ठाऊक हाय. काय म्हणत होती, तेवढं बोलता बोलता कानावर घाला. बाकी मग आपलंच हाय."

म्हणजे आम्हाला नेमायचं कारण आमची हुशारी नव्हतीच. मी काही बोललो नाही, हे खरं आहे. पण मी उठलोही नाही. चहा पुरा प्यालो आणि निघताना म्हणालो, विचारून सांगतो... वकिलीत मी पुष्कळ चुकीचे अर्ज केलेत, चुकीचे प्रश्न विचारलेत. पण त्या 'विचारून सांगतो' एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आता फर्म मोडली. त्यांनी फक्त विचारलं, हजेरीचं काही बोललात का? मी नाही म्हटलं. "मग अजून उशीर झाला न्हाई," म्हणाल्या, आणि टाइपरायटर पुढं ओढला. आपला प्रस्ताव आम्हाला स्वीकारता येत नाही, एवढं एकच वाक्य टाइप केलं. मी म्हटलं, निदान काही कारण तरी द्या, नाहीतर उर्मटपणा वाटेल. त्या म्हणाल्या, कारण दिलं की तिनं आपल्याला काहीतरी सांगितलंय, हे आपणच कळवल्यासारखं होतं. वाटू दे उर्मट. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. फर्मच्या पत्रावर दोन सह्या लागतात. मी केली.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते शोकसभेत बोलणाऱ्या पाचांपैकी तिघांना तरी चांगलं माहीत आहे. कारखान्याच्या वजनातल्या दोन सोसायट्या आणि एका बँकेनं आमच्याकडचे कागद काढून नेले. बाईमाणसाच्या नादी लागून शेट्यानं धंदा बसवला, असं बार रूममध्ये मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोललं जाई. बाई वारसाचे दाखले, पोटगी, फेरफार, मिळेल ते काम घेत आणि पाटोदा, केज, धारूर, जिथं तारीख असेल तिथं एसटीनं जात. आणि जिच्यासाठी हे सगळं, तिचा पत्ता नव्हता. मी एकदा चिडून म्हणालो, निदान तिच्या गावी जाऊन तिला बोलावून तरी आणू. बाईंनी ठाम नकार दिला. वकिलानं काम मागायला कुणाच्या दारात जायचं नसतं, तो कायदा आहे, आणि आपल्याला तो गैरसोयीचा झाला म्हणून बदलत नाही.

"आपण कुणासाठी घर जाळून घेतलं, हे त्या बाईला माहीतसुद्धा नाही," मी म्हटलं.

"तिला माहीत असायचं कारणच काय? शब्द आपण दिलता."

त्या वर्षात मी दोनदा माझ्या जुन्या सीनियरच्या घरापर्यंत गेलो. दोन्ही वेळा फाटकातून परत आलो. बाईंना ते कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी कधी विषय काढला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर सिंधूबाई आली. बरोबर नामदेव होता, उजवी बाही कोपराशी पिन लावून दुमडलेली. मधल्या काळात त्याला कारखान्यावर राखणदाराची नोकरी देतो म्हणून झुलवलं होतं आणि एका कागदावर डाव्या हाताचा अंगठाही घेतला होता. मग नोकरीही नाही. ते तीन वकिलांकडं जाऊन आले. कारखान्याविरुद्ध म्हटलं की प्रत्येकानं हात वर केले. सिंधूबाई खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिनं पहिलं विचारलं, "बाई, मी त्या दिशी सांगितल्यालं कुनाला कळलं का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या.

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

नुकसानभरपाईचा दावा लिहायला घेतला तेव्हा मला वाटलं, बाई हजेरीची गोष्ट दाबून ठेवतील. त्यांनी उलटंच केलं. नामदेव, सिंधूबाई आणि तो चुलतभाऊ अशा तिघांना बोलावून त्यांना सगळे धोके समजावून दिले. तुमची तिघांची परवानगी असेल तरच लिहिते म्हणाल्या. चुलतभाऊ म्हणाला, हात गेला त्याचा, माझं काय जायचंय, खरं हाय तर लिवा. आणि बाईंनी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की अर्जदार चुलतभावाच्या हजेरीवर, मुकादमाच्या आणि कारखान्याच्या माहितीनं काम करत होता. मी घाबरलो होतो. आपल्या हातानं आपलंच प्रकरण बुडवताय, असं म्हणालोसुद्धा. बाई म्हणाल्या, जी गोष्ट आपण आधी सांगितली ती पुढं कुणी आपल्याला विकू शकत नाही.

बीडच्या कोर्टात सुनावणी झाली. कारखान्यानं औरंगाबादहून नामांकित वकील आणले होते. त्यांना वर्षभरात कुठून तरी हजेरीचा सुगावा लागला होता, आणि ते कार्ड हातात धरूनच उभे राहिले. त्यांनी आमचा अर्ज नीट वाचला नव्हता की त्यांच्या ज्युनियरनं वाचला नव्हता, कोण जाणे. त्या दिवशीच्या हजेरीवर तुमचं नाव नव्हतं हे खरं का, असं त्यांनी आवाज चढवून विचारलं. नामदेव म्हणाला, "खरं हाय. अर्जात पहिलंच लिवलंय की." न्यायाधीशांनी पान उलटून पहिला परिच्छेद पुन्हा वाचला. वकीलसाहेब कार्ड टेबलावर ठेवून खाली बसले.

मग कारखान्याचा टाइमकीपर आला आणि बाई उलटतपासाला उभ्या राहिल्या. पांढरी साडी, काळा कोट, हातात एकही कागद नाही. त्यांनी नामदेवविषयी काहीच विचारलं नाही. त्या पाळीत गव्हाणीवर किती माणसं होती, आणि त्यातली किती स्वतःच्या नावानं होती, एवढंच विचारलं. टाइमकीपरनं विधी अधिकाऱ्यांकडं पाहिलं. बाई एक पाऊल सरकून दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. "तिकडं न्हाई, इकडं बघून सांगा." तो हळूच म्हणाला, तसं बघितलं तर निम्मी असतील. कुणाला माहीत होतं? सगळ्यांनाच माहीत होतं. न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

निकाल नामदेवच्या बाजूनं लागला. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक सुटत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कारखाना खंडपीठात गेला, आणखी दोन वर्षं गेली, पण निकाल टिकला. तोवर त्याच गव्हाणीवरची आणखी चार कुटुंबं आमचा जिना चढली होती. पाठ फिरवून गेलेल्या एका सोसायटीनंही निरोप पाठवला. बाईंनी ते काम घेतलं आणि मधल्या वर्षाचा एका शब्दानंही उल्लेख केला नाही. उलट मी तिरकस काही बोलेन म्हणून टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

त्या खटल्यानंतर बाईंनी ऑफिसात दोन बदल केले. आतल्या खोलीची लाकडी भिंत छतापर्यंत नव्हती, वर हातभर फट होती. ती त्यांनी सुतार बोलावून बंद करून घेतली, म्हणजे आतला शब्द बाहेर बाकावर बसलेल्याला ऐकू जायला नको. आणि दुसरी त्यांनी एक पद्धत पाडली. नवा माणूस आत येऊन बसला की त्याला बोलूच द्यायचं नाही. "थांबा. आधी समोर कोण हाय, तेवढं नाव सांगा." मग कपाटातली लांबट वही काढून ते विरुद्ध पक्षाचं नाव आपल्या जुन्या कामांत कुठं आहे का बघायचं, आणि नसेल तरच म्हणायचं, आता बोला. मोठ्या शहरातल्या फर्ममध्ये असं काही करतात असं मी अलीकडं ऐकलं. बाईंनी ते कुणाचं बघून केलेलं नव्हतं. रक्ताचा कॅन्सर कळल्यावरही, तो बळावल्यावरही, त्या औरंगाबादहून परत आल्या की माडी चढून येत आणि वही पुरी करत. शेवटच्या खेपेला जिना चढवेना, तेव्हा वही घरी मागवून घेतली.

त्या गेल्यावर आतल्या खोलीत बसायचं मी टाळत होतो. गेल्या बुधवारी एक बाई आल्या. मध्यम वयाच्या, आडसकडच्या. बाहेर चार माणसं होती आणि त्यांना त्यांच्यादेखत बोलायचं नव्हतं. मग मी आतलं दार उघडलं. त्या बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात करणार तोच मी म्हटलं, थांबा, आधी समोर कोण आहे तेवढं नाव सांगा. त्यांनी सख्ख्या भावाचं नाव सांगितलं. मी वही उघडली. त्या भावाचं शेतीचं काम तीन वर्षांपासून आमच्याकडंच आहे, ओव्हाळबाईंच्या अक्षरात.

मी वही मिटली आणि त्यांना सांगितलं की मला तुमचं काम घेता येणार नाही. चांगले वकील आहेत, मी तुम्हाला त्यांच्याकडं नेऊन सोडतो. त्या गोंधळून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "अवो, पण मी अजून काहीच सांगितलं न्हाई की."

"न्हाई सांगितलं, तेच बरं झालं," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी दार उघडलं.